घरचा पुदिना: लावायचा कसा आणि आवरायचा कसा

मराठवाड्यात घरी पुदिना किती लावायचा, हे मे महिन्यातलं पाणी बघून ठरवावं. पावसाळ्यात दोन काड्या खोचल्या तरी दिवाळीपर्यंत वाफा भरतो. पुढे तो मेथीत शिरतो, तुळशीच्या बुडाशी जातो, फरशीच्या फटीतून डोकं काढतो, आणि घरादाराला त्याचं कौतुक वाटतं. मग एप्रिल लागतो. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, बोअर दम टाकतो, आणि हा सगळा पसारा रोज पाणी मागतो. दिलं तर घरात कमी पडतं, नाही दिलं तर पंधरवड्यात सगळं करपून जातं. म्हणून आपल्याकडे पुदिना आवरून ठेवणं हे आधी पाण्याचं काम आहे, टापटिपीचं नंतर.

माझा हिशेब साधा आहे. भर उन्हाळ्यात रोज जेवढं पाणी न चुकता देता येईल, तेवढ्याच जागेत पुदिना. चार-पाच माणसांच्या घराला दोन रुंद कुंड्या पुरतात. चटणी, ताक, चहा त्यात भागतो, आणि एखाद्या रविवारी बिर्याणी केली तरी कमी पडत नाही. ज्यांच्याकडे रमजानमध्ये किंवा लग्नसराईत मोठी पातेली चढतात त्यांनी जमिनीत वाफा करावा, पण चारही बाजूंनी आड, म्हणजे मातीत गाडलेला अडसर, घालून. तो प्रकार पुढे सांगतो.

आधी तो पसरतो कसा, ते बघा

बाजारातल्या जुडीतली एक काडी घ्या आणि बोटांत फिरवा. ती गोल लागत नाही, चौकोनी लागते. चारही कडा बोटाला जाणवतात. पानं समोरासमोर, जोडीनं फुटलेली असतात. जिथून जोडी फुटते ते पेर. बुडाकडच्या पेरांवर नीट पाहिलं तर बारीक पांढरे उंचवटे दिसतात, कधी केसाएवढी मुळंही सुटलेली असतात. पुदिन्याचं सगळं बळ या पेरांत आहे. ओल मिळाली की पेर मूळ धरतं आणि त्याचं वेगळं झाड होतं.

लावल्यावर महिना-दीड महिन्यात त्याला आडव्या फांद्या सुटतात. काही मातीवरून धावतात. त्या बहुधा जांभळट असतात, आणि जिथे टेकतील तिथे रुजतात. काही मातीच्या पोटातून जातात. त्या पांढुरक्या, जाडसर आणि बिनपानाच्या असतात. खरी काळजी या दुसऱ्यांची, कारण वर काहीच दिसत नाही आणि एक दिवस दोन फुटांवर कोंब निघतो. बरी गोष्ट ही की या फांद्या खोल उतरत नाहीत. त्यांचा बहुतेक सगळा कारभार वरच्या वीतभर मातीत चालतो. त्यामुळे दीड फूट खोल आड घातली की पुदिना थांबतो. लव्हाळ्याच्या गाठींमागे जसं खोल खणत जावं लागतं, तसं याच्यामागे लागत नाही.

बियांचं पाकीट विकत घेऊ नका. पुदिन्याच्या जाती एकमेकींत सहज मिसळतात, त्यामुळे बियांपासून आलेल्या झाडाला मूळ झाडाचा वास येईलच असं नसतं. पेपरमिंट तर मुळातच दोन जातींचा संकर आहे आणि त्याला रुजणारं बी जवळजवळ धरतच नाही. पुदिना काडीवरच लावायचा.

नर्सरीत कधीकधी ‘मेंथा’ म्हणून रोप मिळतं. उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे तेलासाठी ज्याची शेती होते तो हा जपानी पुदिना. त्यात मेंथॉल भरपूर असतं, आणि मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या नसांनाच जागं करतं, म्हणून तोंड गार पडल्यासारखं वाटतं. हे ज्यामुळे घडतं तो थंडीचा संवेदक शोधणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. चटणीला मात्र हा पुदिना उग्र होतो. आपल्या बाजारातल्या साध्या पुदिन्याचा वास मुख्यतः कार्व्होन नावाच्या दुसऱ्या द्रव्याचा असतो, त्यामुळे तो जिभेला सौम्य लागतो. स्वयंपाकासाठी तोच लावा.

काडी निवडणं आणि रुजवणं

आपल्याकडे सप्टेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत लागवडीला उत्तम काळ आहे. जून-जुलैतही काडी चटकन लागते, फक्त झडीच्या पावसात कुंडीत पाणी तुंबणार नाही एवढं बघा. होळीनंतर नवी लागवड करू नका. रुजेपर्यंतच ऊन तिला मारतं.

आठवडी बाजारातून सकाळीच जुडी आणा. पानं ताठ, काडी कडक, शेंड्याला फुलांचा तुरा नको. बुडाला मुळं असलेली जुडी मिळाली तर सोनं समजा, ती थेट मातीत लावता येते. नाहीतर बोटभर लांबीच्या सात-आठ काड्या काढा. प्रत्येक काडी पेराच्या जरा खाली तिरकी कापा, खालच्या दोन जोड्यांची पानं काढून टाका आणि पाण्याच्या ग्लासात उभ्या करा. पानं पाण्यात बुडू देऊ नका, ती कुजली की सगळं पाणी नासतं. ग्लास खिडकीत ठेवा, पण थेट उन्हात नको. दर दोन दिवसांनी पाणी बदला. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतात. ती दीड-दोन इंच झाली की लावून टाका. त्याहून लांब वाढू दिली तर ती पाण्यालाच सरावतात आणि मातीत गेल्यावर काडी काही दिवस रुसते.

कुंडी आणि माती

पुदिन्याला खोलीपेक्षा रुंदी लागते. बारा-चौदा इंच तोंडाची आणि आठ-दहा इंच खोल कुंडी बघा. जुनं घमेलं, रंगाची धुतलेली बादली, फुटका टब, काहीही चालतं, बुडाला पाच-सहा भोकं पाडली की झालं. औषध फवारणीच्या डब्यांना मात्र हात लावू नका. कितीही धुतले तरी त्यात खायचं काही लावू नये. गच्चीवर काळं प्लॅस्टिक उन्हाळ्यात तापतं आणि मुळं शिजतात, तेव्हा पांढरी किंवा फिकट रंगाची कुंडी घ्या. कुंभाराकडची मातीची कुंडी मुळांना गार ठेवते, पण तिच्या भिंतीतून पाणी उडत राहतं. ती घेतली तर एक पाणी जास्तीचं धरा.

मातीवर थोडं थांबतो, कारण आपल्याकडे निम्मा पुदिना इथेच जातो. शेतातली काळी माती आणून कुंडीत भरली की पहिले पंधरा दिवस सगळं छान दिसतं. मग एक दिवस पाणी चुकतं. काळी माती आक्रसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि कडेनं बोट जाईल एवढी फट पडते. पुढच्या वेळी पाणी घातलं की ते सरळ त्या फटीतून खाली निघून जातं. बुडातून पाणी वाहिलेलं पाहून आपल्याला वाटतं कुंडी भिजली, आणि आतला गोळा मात्र कोरडाच असतो. शंका आली तर काडी खुपसून बघा. असं झालेलं असेल तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बसवा, गोळा बुडातून पाणी ओढून घेईल, आणि मग कडेची फट शेणखतानं बुजवा.

म्हणून काळी माती एक घमेलं घेतली तर चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत एक घमेलं आणि कोकोपीट एक घमेलं मिसळा. कोकोपीट नसेल तर कुजलेला पालापाचोळा किंवा सोयाबीनचं जुनं भुसकट चालतं. दोन मुठी भरड वाळू घातली तर पाणी निचरायला मदत होते. पण नुसती काळी माती आणि वाळू असं मिश्रण करू नका, ते वाळल्यावर दगडासारखं होतं. ओलं, गरम शेण अजिबात नको. त्यानं मुळं जळतात आणि हुमणीच्या अळ्या येतात.

एका कुंडीत चार-पाच काड्या, दोन पेरं मातीत जातील इतक्या खोल लावा. त्या कुंडीत दुसरं काही लावू नका, कोथिंबीरही नाही. दोन वेगवेगळ्या जातींचा पुदिनाही एकत्र नको. जोरकस जात दुसरीला खाऊन टाकते.

कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा. मातीवर टेकलेली असेल तर बुडाच्या भोकांतून फांद्या खाली उतरतात आणि कुंडी उचलायला जाल तेव्हा ती जमिनीला चिकटलेली सापडते. कडेवरून लोंबणाऱ्या फांद्याही जमिनीला टेकण्याआधी कापायच्या. गच्चीवरही विटा हव्यातच, कारण मेमध्ये स्लॅब तापते आणि विटांखालून हवा खेळली की मुळं वाचतात.

पाणी आणि ऊन

मातीत बोटाची दोन पेरं घाला. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर आज नको. थंडीत दिवसाआड पुरतं. मार्चपासून रोज, आणि पारा चाळिशीच्या पुढे गेला की सकाळी लवकर आणि दिवस मावळल्यावर असं दोनदा, थोडं थोडं. मातीवर दोन बोटं जाडीचं भुसकट किंवा वाळका पाला अंथरला की बरंच पाणी वाचतं.

पाणी कुठलं, हेही बघा. आपल्याकडचं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे. कुंडीच्या काठाला आणि मातीवर पांढरी खरपुडी दिसली की क्षार साचलेत असं समजा. वरची दोन बोटं माती काढून टाका आणि पावसाळ्यात कुंडी उघड्यावर ठेवून चांगली धुऊन निघू द्या. आरओ मशीनमधून बाहेर सोडलेलं पाणी वाया जातंय म्हणून पुष्कळजण कुंड्यांना घालतात. त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, तेव्हा पुदिन्याला ते नको. फरशी पुसायला वापरा. कूलरच्या टाकीत तळाला उरलेलं पाणीही तसंच. याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळजवळ बिनक्षाराचं असतं. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी उत्तम.

गावाकडे न्हाणीच्या सांडपाण्यावर पुदिना आणि अळू लावायची जुनी रीत आहे. पूर्वी तिथे नुसतं पाणी आणि फार तर शिकेकाई जायची. आता साबण, डिटर्जंट, शाम्पू जातो. साबणातल्या सोड्यानं आधीच चुनखडीची असलेली काळी माती आणखी बिघडते. त्याहून मोठी गोष्ट अशी की पुदिना आपण कच्चा खातो, आणि सांडपाणी पानांवर उडतं. न्हाणीच्या पाण्यावर केळ लावा, फुलझाडं लावा. पुदिना लावू नका, हे कळकळीचं सांगणं आहे.

ऊन थंडीत चार-पाच तास मिळालं तर पुदिना घट्ट आणि वासाचा होतो. होळीनंतर कुंड्या पूर्वेच्या भिंतीला न्या, म्हणजे सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली. तशी भिंत नसेल तर ५० टक्के सावलीची हिरवी नेट बांधा.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, अशी दिसली तर लोहाची कमतरता आहे. चुनखडीच्या रानात सोयाबीन जसं पिवळं पडतं, तोच प्रकार. माती बदलून शेणखत वाढवणं हा टिकाऊ उपाय. तातडीनं करायचं तर सगळा पुदिना कापून घ्या आणि उरलेल्या बुडख्यावर लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी एकदा फवारा. उन्हाळ्यात पानं भुरकट होऊन खाली बारीक जाळी दिसली तर लाल कोळी आहे; पानांची पाठ पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं सलग चार दिवस धुवा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. पानाखाली नारिंगी पूड दिसली तर तांबेरा आहे. तो सगळा पाला जमिनीलगत कापून घराबाहेर टाका, कुंडीत ठेवू नका.

खुडणी

लावल्यापासून साधारण दीड-दोन महिन्यांनी पहिली कापणी. जमिनीपासून चार बोटं सोडून, पेराच्या जरा वर कात्रीनं काडीच कापा. खालची पानं ओरबाडून वर शेंडा ठेवला तर झाड उंच, किडकिडीत होतं. शेंडा कापला की त्याखालच्या जोडीतून दोन फांद्या फुटतात आणि कुंडी भरते. तुरा यायच्या बेतात असताना पानांत तेल सगळ्यात जास्त असतं, तेव्हा कापा, फुलू देऊ नका. पुढे हंगामात तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तयार. नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, त्याबरोबरच्या चटणीला असा उन्हात वाढलेला, ताजा कापलेला पुदिना घालून बघा. बाजारातल्या पाणी मारून ठेवलेल्या जुडीत तो वास उरलेला नसतो.

वर्षभरानं कुंडीत एक गंमत दिसते. मध्ये टक्कल पडतं आणि कडेनं दाट हिरवं. पुदिना जुनी जागा सोडून पुढे सरकतो, आणि कुंडीत पुढे जायला जागा नसते. पाऊस सुरू झाला की कुंडी उपडी करा, मुळांचा गोळा सुरीनं चार भागांत कापा, कडेचा एक तजेलदार भाग नव्या मातीत लावा. बाकीचे शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्या, पण कुंडीतच लावायचा असं सांगून द्या.

जमिनीत लावायचा असेल तर

दोन फूट रुंद, चार फूट लांब वाफा भरपूर झाला. त्याच्या चारही बाजूंना आड घालायची. आपल्याकडे सगळ्यात सोपी, स्वस्त आणि टिकाऊ वस्तू म्हणजे शहाबादी फरशी. बांधकामातून उरलेले तुकडे घरोघरी पडलेले असतात. वाफ्याच्या कडेनं दीड फूट खोल चर खणा आणि फरश्या उभ्या बसवा. वरची कड मातीच्या दोन-तीन इंच वर राहिली पाहिजे, नाहीतर वरून धावणारी फांदी सहज ओलांडून जाते. दोन फरश्यांच्या सांध्यात सिमेंट भरा. सांधा उघडा राहिला तर पुदिना त्यातूनच जाणार, हे धरून चाला. नुसत्या विटा उभ्या करून भागत नाही, त्यांच्यात सांधे फार. पत्राही नको, तो गंजतो आणि त्याची धार लहान मुलांच्या पायाला लागते.

दुसरा प्रकार प्लॅस्टिकच्या ड्रमचा. पाण्याचा जुना २०० लिटरचा ड्रम आडवा कापून दोन्ही टोकं काढून टाका, दीड फुटाचं कडं करा आणि ते जमिनीत गाडा. बुडाला झाकण नको, पाणी निचरलं पाहिजे. एका घरासाठी हे पुरेसं आहे, आणि फरशीपेक्षा यात मला जास्त भरवसा वाटतो, कारण सांधाच नाही.

काळ्या रानात एक गोष्ट ध्यानात ठेवा. उन्हाळ्यात जमीन भेगाळते तेव्हा फरशीच्या किंवा ड्रमच्या कडेनंही माती सुटते आणि खोल फट पडते. पावसाचं पहिलं पाणी आलं की पुदिना या फटीतून आडेच्या खालून जाऊ शकतो. मेअखेर, पावसाच्या आधी, त्या फटी मातीनं ठासून भरा.

पावसाळ्यात दर पंधरवड्याला खुरपं घेऊन आडेभोवती एक चक्कर मारा. बाहेर टेकलेली फांदी दिसली की कापून उचला. विहिरीजवळ किंवा पाटाच्या कडेला पुदिना मुळीच लावू नका. तुटलेली काडी पाटाच्या पाण्याबरोबर जाते आणि दोन वाफे सोडून खाली रुजते.

कापलेल्या फांद्या खताच्या खड्ड्यात टाकू नका, तिथल्या ओलीत त्या पुन्हा उभ्या राहतात. आधी गच्चीवर किंवा सिमेंटच्या ओट्यावर पसरून काडी कटकन मोडेपर्यंत वाळवा. मग खुशाल खतात घाला.

आधीच पसरला असेल तर

रोटावेटर किंवा टिकाव घालून तुकडे करू नका. दहा झाडांची शंभर होतील. मार्च-एप्रिलमध्ये आधी वरचं सगळं कापून घ्या, मग एकदा पाणी देऊन जमीन नरम करा आणि वाफसा आला, म्हणजे माती चिकटही नाही आणि कोरडीही नाही अशी झाली, की खुरप्यानं वीतभर माती उकरत पांढऱ्या फांद्या हातानं ओढून काढा. तुटू न देता, सावकाश. एक टोक सापडलं की त्याच्या मागे जायचं. हे काम सकाळी बसून करण्यासारखं आहे, घाई केली की फुकट जातं.

त्यानंतर त्या जागेला पाणी पूर्ण बंद करा. उरलेल्या तुकड्यांना आपला कोरडा मे महिना बऱ्यापैकी संपवतो. ज्या जागेत दुसरी झाडं असल्यामुळे पाणी तोडता येत नाही, तिथे जाड खोक्यांचा पुठ्ठा किंवा मल्चिंगचा काळा कागद अंथरून कडांवर दगड ठेवा, उजेडाचा कणही आत जाऊ देऊ नका. कागद संपूर्ण पावसाळा तसाच राहू द्या. कडेनं कोंब डोकावतील. दोन पानांवर असतानाच ते मुळासकट उपटा. पुढच्या वर्षीच्या जुलैतही तिथे दोन-चार निघतील, तेव्हा त्या जागेत लगेच कांदा-लसूण न घेता, ओळीत खुरपणी करता येईल असं गवार किंवा भेंडीसारखं काहीतरी लावा.